बाराखडी आणि वाचन

पहिलीच्या वर्गातील मुलास ‘क’ची बाराखडी म्हणावयास सांगितली, तर तो ती एका दमात म्हणून दाखवितो. परंतु तीच बाराखडी फळ्यावर लिहून आपण मधल्याच ‘के’वर छडी ठेवली आणि ‘हे काय?’ म्हणून विचारले, तर पुष्कळदा तो थबकतो. ओठांतल्या ओठांत ‘क, का, कि, की’ असे पुटपुटत तेथपर्यंत येतो आणि मग विजयी मुद्रेने ‘के’ म्हणतो. ज्यांनी पहिलीचा वर्ग कधी घेतला असेल त्यांस हा अनुभव नवा नाही. या मुलाला बाराखडी येते हे खरे. पण एखादी कविता यावी तशी ती त्याला येते. तिचे वाचन अद्याप त्याला आलेले नाही. या दोहोंत किती अंतर आहे आणि ते कसे ओलांडले जाते, याविषयी संशोधनातून जे हाती आले आहे त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

वाङ्मयास वाहिलेल्या पत्रिकेत पहिलीच्या वर्गाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणी केल्यास त्याचे उत्तर आपल्या परिस्थितीत आहे. पुण्या-साताऱ्याच्या मुलाचे वाचन पहिली-दुसरीत कच्चे राहिले, तरी दुकानांच्या पाट्या, एसटीवरची गावांची नावे, घरात येणारे वर्तमानपत्र ही त्याला पुनःपुन्हा शिकवीत असतात. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी मुलास असा दुसरा गुरू नाही. त्याच्या भोवतालची अक्षरे हिंदी, गुजराती, तेलुगू अथवा इंग्रजी असतात. तिसरीपर्यंत मराठी सहज वाचण्याची शक्ती त्याला आली नाही, तर तो घरात मराठी बोलत राहतो, परंतु वाचावयाचे झाले की दुसऱ्या भाषेकडे वळतो. पुढच्या पिढीत मग बोलणेही पातळ होते. ग्रंथालयातील वाचक घटल्याची हळहळ आपण वार्षिक सभेत दरसाल व्यक्त करतो. त्या घटीचा आरंभ पुष्कळ अंशी पहिलीच्या फळ्यापाशी होतो, असे मला वाटते. आणि हा प्रश्न केवळ आपल्यापुरता आहे असेही नाही. ‘असर’ या नावाने २००५ सालापासून ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची जी पाहणी होत आली, तिच्या २०१८ च्या अहवालात पाचवीतील जेमतेम निम्मी मुले दुसरीचा उतारा वाचू शकत होती.

वाचन कसे शिकवावे यावर सर्वांत अधिक संशोधन इंग्रजी भाषेत झाले आणि सर्वांत कडाक्याचे भांडणही तेथेच झाले. जुनी रीत अक्षरांची नावे घोकण्याची होती. ‘सी, ए, टी’ म्हटल्यावर त्यातून ‘कॅट’ कसे निघते हे मुलाने आपल्या दैवावर हवाला ठेवून समजून घ्यावयाचे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात होरेस मान यांनी १८४० च्या दशकातच या रीतीवर कडक टीका केली होती. पुढे १८८६ साली जेम्स मॅकीन कॅटेल यांनी जर्मनीतील लाइपझिग येथे केलेल्या प्रयोगांतून असे दाखविले की, सराईत वाचकाला एक लहान शब्द ओळखावयास एक अक्षर ओळखण्यापेक्षा अधिक वेळ लागत नाही. यावरून शिक्षणतज्ज्ञांनी अनुमान काढले की, मुलास शब्दच अखंड चित्राप्रमाणे दाखवावा. अक्षरे मागाहून आपोआप उलगडतील. हीच शब्दपद्धती. १९३० नंतर अमेरिकेतील शाळांत डिक आणि जेन या भावंडांची जी वाचनमाला गाजली, ती या विचारावर उभी होती. कॅटेलच्या प्रयोगात दोष नव्हता. दोष अनुमानात होता. जे सराईत वाचकाविषयी खरे आहे ते नवशिक्यालाही लागू पडेल असे धरून चालणे म्हणजे, पोहणारा हात कसे मारतो ते पाहून मुलाला एकदम डोहात उतरविण्यासारखे आहे.

१९५५ साली रुडॉल्फ फ्लेश यांनी एका खळबळजनक पुस्तकातून शब्दपद्धतीवर हल्ला चढविला. त्याचा सूर वकिली होता. परंतु १९६७ मध्ये हार्वर्डच्या जीन शाल यांनी तोवरच्या संशोधनाची शांतपणे छाननी करून निष्कर्ष काढला तो त्याच दिशेचा होता : आरंभीच्या वर्गांत अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध स्पष्टपणे शिकविल्यास मुलांचे वाचन अधिक चांगले होते. नेमक्या त्याच वर्षी केनेथ गुडमन यांनी वाचन हा भाषेच्या आधारे केलेला एक प्रकारचा तर्काचा खेळ आहे, असा सिद्धान्त मांडला. चांगला वाचक प्रत्येक अक्षर पाहत नाही, संदर्भावरून ओळखतो, असे त्यांचे म्हणणे. हा सिद्धान्त ऐकावयास मोहक आहे आणि वाङ्मयप्रेमी शिक्षकांना तो फार आवडला. परंतु डोळ्यांच्या हालचाली सूक्ष्म यंत्रांनी मोजल्या गेल्या तेव्हा दिसले की, सराईत वाचकाची दृष्टी बहुतेक सर्व महत्त्वाच्या शब्दांवर, सरासरीने सुमारे पाव सेकंद, थांबतच असते. संदर्भावरून शब्द ओळखण्याचा आधार अधिक घेतो तो कच्चा वाचक. पक्क्याला त्याची गरज भासत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन मंडळाचा २००० सालचा अहवाल आणि इंग्लंडमधील २००६ चा रोझ अहवाल या दोहोंनी ध्वनिपद्धतीच्या क्रमबद्ध शिक्षणाचा पुरस्कार केला. वाद तरीही मिटला असे नाही. शिक्षणातले वाद मिटत नसतात, त्यांची नावे तेवढी बदलतात.

आता आपल्याकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. हे सारे भांडण अशा भाषेचे आहे की जिच्यात लेखन आणि उच्चार यांचा मेळ फार थोडा. सीमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली युरोपातील तेरा भाषांतील मुलांची पहिलीच्या अखेरीस वाचनपरीक्षा घेतली. फिनिश, ग्रीक, जर्मन, इटालियन, स्पॅनिश या भाषांतील मुले परिचित शब्दांपैकी शेकडा ९५ किंवा त्याहून अधिक शब्द बिनचूक वाचीत होती. इंग्रजी वाचणारी मुले शेकडा ३४. अर्थात इंग्रजी मुले मंद होती असे नव्हे. त्यांच्या भाषेचे लेखनच तसे आहे. डेव्हिड शेअर या अभ्यासकाने २००८ साली स्पष्टच म्हटले की, वाचनाचे शास्त्र म्हणून जे जगभर शिकविले जाते, ते बऱ्याच अंशी एका अपवादभूत भाषेचे शास्त्र आहे. आपल्या अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत शब्दपद्धती आणि वाक्यपद्धती यांची भलावण येते, तेव्हा ती इंग्रजीतील एका विशिष्ट संकटातून निघालेली औषधे आहेत, हे सांगितले जात नाही.

मग मराठीचे लेखन उच्चारानुसारी आहे, तेव्हा आपल्याला काहीच अडचण नाही, असे कोणी म्हणेल. येथेच आपली फसगत होते. आपली लिपी वर्णांची नाही आणि निव्वळ अक्षरांचीही नाही. ती दोहोंचा संकर आहे. ‘कि’ हे एक अक्षर आहे, पण त्यात ‘क्’ आणि ‘इ’ असे दोन वर्ण आहेत, आणि उच्चारात मागाहून येणारी वेलांटी लेखनात अगोदर येते. ३४ व्यंजने आणि बारा स्वर यांचा गुणाकार केला तर ४०८ आकृती होतात. जो मुलगा बाराखडी पाठ करतो, त्याच्या लेखी त्या ४०८ निरनिराळ्या वस्तू आहेत. ज्याला तत्त्व उमगले, त्याला ३४ व्यंजने आणि ११ चिन्हे (‘अ’ला चिन्ह नाही) एवढीच पुरतात, ‘रु’ आणि ‘रू’सारखे एखाददुसरे आडमुठे रूप तेवढे वेगळे शिकावे लागते. ‘कि’, ‘मि’ आणि ‘ति’ यांत समान काय आहे, हे कानाने ऐकू येणे आणि डोळ्यांनी दिसणे, यात सारे वाचन साठविलेले आहे.

हे ऐकू येणे आपोआप घडत नाही. बंगळूरच्या सोनाली नाग यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २००७ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात अक्षरांचे ज्ञान पक्के होण्यास तीन-चार वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ लागतो, व शब्दातील अक्षरे सुटी करणे मुलांस लवकर साधले तरी अक्षरातील वर्ण सुटे करणे फार हळूहळू साधते, असे दिसून आले. कन्नड आणि देवनागरी यांची वळणे वेगळी असली तरी रचनेचे तत्त्व एकच असल्यामुळे हा निष्कर्ष आपल्यालाही विचारात घेण्याजोगा आहे. आपला अभ्यासक्रम मात्र मुळाक्षरे आणि बाराखडी पहिलीत, जोडाक्षरे दुसरीत, असा हिशेब मांडून पुढे निघून जातो. मागे राहिलेले मूल कोणाच्या वहीत नोंदले जात नाही.

महाराष्ट्रातील वाडा तालुका आणि कर्नाटकातील यादगीर जिल्हा येथे मराठी व कन्नड शिकणाऱ्या सुमारे सातशे मुलांचा पहिलीपासून तीन वर्षे पाठपुरावा करणारे एक मोठे संशोधन झाले. त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला आहे. मुलांची अक्षरओळख, त्यांचे लेखन, शिक्षकांच्या समजुती, पाठ्यपुस्तके असे सर्व अंगांनी त्यात पाहिले आहे. तिसरीअखेर पुष्कळ मुलांना मात्रायुक्त साधे शब्दही नीट वाचता येत नव्हते आणि वर्गातील लेखन बहुतांशी फळ्यावरून उतरवून घेण्याचे होते, ही त्यातील नोंद वाचताना आपल्याच शाळेचे वर्णन वाचीत आहोत असे अनेकांस वाटेल. उतरवून घेण्यास वाचता यावे लागत नाही, हे आपण विसरतो.

आता वर्णमालेच्या क्रमाविषयी. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग अशी जी रचना आपल्या पूर्वसूरींनी केली, ती उच्चारस्थानांची अत्यंत शास्त्रशुद्ध मांडणी होय. जगातील फार थोड्या लिप्यांना एवढे देखणे कोष्टक लाभले आहे. परंतु ते उच्चारशास्त्राचे कोष्टक आहे. मुलाने अक्षरे त्याच क्रमाने शिकावीत असे त्यातून निष्पन्न होत नाही. क, ख, ग, घ, ङ एवढे शिकून आणि ‘आ’चा काना जोडून मुलाला काय वाचावयास मिळते? ‘काका’, ‘काख’, ‘खग’. फारसे पुढे जाता येत नाही. त्याऐवजी स, र, ग, म, न आणि काना एवढेच घेऊन पाहा : मासा, मामा, राग, रान, रस, गारा, मगर, नगर, नमन, सागर, सासर, सामान. पाच अक्षरांत एवढा संसार उभा राहतो. ‘मामा, गरमागरम मासा!’ ही अख्खी आरोळीसुद्धा त्यात बसते. शाकाहारी वाचकांनी राग मानू नये. अक्षर शिकल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलाने पूर्वी कधी न पाहिलेला शब्द स्वतःच्या बळावर वाचला, की वाचन म्हणजे काय हे त्याला कळते. भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ साली तेथे प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. मराठी मुलांना वाचन कसे शिकवावे, हा त्यांच्या कार्याचा एक प्रमुख धागा राहिला. अक्षरांचे असे गट पाडण्याची रीत आता महाराष्ट्रात पुष्कळांना परिचित झाली आहे. आपल्या गावांत ती अजून पोचावयाची आहे.

वाचनात अर्थाचे काम कोठे येते, हेही मराठीत वेगळ्या रीतीने पाहावे लागते. आपण लिहितो ‘बसला’, पण उच्चार करतो ‘बस्ला’. ‘करवत’ लिहिलेले असते आणि म्हणावयाचे असते ‘कर्वत्’. ‘सागर’मधील ‘र’ पूर्ण उच्चारीत नाही. ‘सागरात’ म्हटले की तोच ‘र’ भरला जातो. ‘क-र-व-त’ अशी चार अक्षरे बिनचूक म्हणणाऱ्या मुलाला करवत हा शब्द माहीत असेल, तरच त्याच्या जिभेवर ती अक्षरे जुळून येतात. अनुस्वाराचेही तेच. आंबा, अंग, अंडे, दंत यांवर टिंब एकच, उच्चार चार. तेव्हा अक्षरे आधी पक्की करावीत आणि अर्थाचे मागाहून पाहू, ही शिस्तप्रिय शिक्षकाची भूमिका आपल्या लिपीत टिकत नाही. मुलाच्या कानात जेवढे मराठी शब्द असतील, तेवढेच त्याचे वाचन सुकर होणार. पहिलीच्या वर्गात रोज वीस मिनिटे शिक्षकाने गोष्ट वाचून दाखविणे हे काही ‘अभ्यासानंतरचे मनोरंजन’ नव्हे. तो वाचनपाठाचाच अर्धा भाग आहे. १९८३ साली ऑक्सफर्डच्या ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी असे दाखविले की, शाळेत येण्यापूर्वी ज्या मुलांना यमक ओळखता येते, ती पुढे वाचनात सरस ठरतात. आणि ध्वनी वेगळे करण्याचा सराव अक्षरांची जोड देऊन केला, तर त्याचा लाभ सर्वाधिक होतो. आजीची बडबडगीते आणि मुलांच्या भेंड्या यांना याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते हवे?

येथवरचा विचार महाराष्ट्रातील शिक्षकालाही सारखाच उपयोगी आहे. आपल्या मुलांचा प्रश्न मात्र एका पायरीने पुढचा आहे. आमच्या इंदुरातील मूल एकाच लिपीत दोन भाषा वाचते. हे सोयीचे वाटते. वास्तविक तेथे बारीक काटे आहेत. ‘ज्ञान’ हा शब्द ते हिंदीच्या तासाला ‘ग्यान’ म्हणून शिकते आणि मराठीच्या तासाला ‘द्न्यान’ म्हणून. ‘कृपा’ तेथे ‘क्रिपा’ आणि येथे ‘क्रुपा’. ‘पैसा’ आणि ‘औषध’ यांतील ऐ-औ दोन्ही भाषांत लिहिले सारखे जातात, उच्चारले वेगळे जातात. गुरांचा ‘चारा’ दोन्हींकडे तोच, पण मराठीत त्याचा ‘च’ दंततालव्य आहे आणि हिंदीत तालव्य. मराठीतल्याच ‘चार’ या संख्येचा ‘च’ मात्र हिंदीसारखा. ‘जण’ आणि ‘जन’ यांचीही तीच गत. ‘ळ’ हिंदीच्या पुस्तकात भेटत नाही. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत कोण येणार, व्याख्यान होणार की जेवण, हे ज्या चिन्हावर अवलंबून आहे, तेही हिंदीत नाही. असे मूल ‘क्रिपा’ म्हणते तेव्हा ते चुकत नसते. दुसऱ्या तासाचा नियम ते येथे इमानाने लावीत असते. त्याला ‘वाचन कच्चे’ असा शेरा देणे हा अन्याय होय. या दहा-बारा जागा फळ्यावर दोन रकान्यांत मांडून दाखविल्या, तर सात वर्षांच्या मुलालाही त्या समजतात, इतकेच नव्हे तर त्यात गंमत वाटते.

बडोद्याच्या मुलापुढे शिरोरेखा नसलेली गुजराती आहे, आणि पुष्कळ अक्षरांचे चेहरे ओळखीचे वाटतात म्हणूनच तेथे घोटाळा होतो. हैदराबाद आणि बेळगाव येथे तेलुगू-कन्नडची वळणे सर्वस्वी निराळी असली, तरी व्यंजनाला स्वरचिन्ह जोडण्याचे तत्त्व तेच आहे; शिवाय त्या भाषांत ऱ्हस्व आणि दीर्घ असे ‘ए’ व ‘ओ’ वेगळे असल्याने मुलाचा कान स्वरांच्या बाबतीत अधिक तयार असतो. तेथील शिक्षकांनी या तत्त्वाचा आधार उघडपणे घ्यावा. मुलाने एका लिपीत जे जाणले आहे, ते दुसऱ्या लिपीच्या तासाला दाराबाहेर ठेवावयास लावणे शहाणपणाचे नाही.

स्पर्शाविषयी एक शब्द. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली भावनगरला नूतन बालशिक्षण संघ स्थापिला आणि माँटेसरीबाईंच्या पद्धतीचा या भागात प्रसार केला. खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवून ते शिकण्याची माँटेसरीबाईंची रीत अनेकांस केवळ हौस वाटे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील प्रयोगांत, ध्वनीच्या सरावाला असा स्पर्श जोडला असता मुलांचे वाचन अधिक सुधारते असे आढळले. आमच्याकडे पाटीवर गिरविणे होतेच. त्याबरोबर अक्षराचा ध्वनी मोठ्याने उच्चारण्याची सवय तेवढी ठेवावी.

राहता राहिली परीक्षा. चाळीस मुले एका सुरात धडा म्हणतात तेव्हा वर्गाबाहेरून फार गोड वाटते, पण त्यातली किती वाचीत आहेत हे कोणालाच कळत नाही. प्रत्येक सत्राच्या अखेरीस प्रत्येक मुलाबरोबर एकट्याने पाच मिनिटे बसावे. प्रथम क्रम मोडून लिहिलेली अक्षरे, नंतर पुस्तकात नसलेले काही शब्द, नंतर चार ओळींचा नवा मजकूर आणि त्यात काय घडले ते त्याच्या शब्दांत. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या मुलांची जी ध्वनिचाचणी घेतली जाते, तिच्यातील चाळीस शब्दांपैकी वीस मुद्दाम निरर्थक ठेवलेले असतात. यावर तेथे टीकाही पुष्कळ झाली. परंतु ‘मागस’ किंवा ‘रनासा’ असा शब्द पाठांतराने वाचता येत नाही, एवढा त्याचा उपयोग निर्विवाद आहे. मोठ्या वर्गाला या कामास चार-पाच दिवस लागतात. तेवढे दिवस संस्थाचालकांनी द्यावेत.

अकादमीने यात काय करावे, याविषयी माझी एक सूचना आहे. अक्षरगटांनुसार रचलेल्या, प्रत्येकी सोळा पानांच्या छोट्या पुस्तिका आपण काढाव्यात. पहिल्या पुस्तिकेत पाच अक्षरे आणि काना. पुढच्या प्रत्येकीत तीन-चार अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह वाढत जावे. जे शिकविलेले नाही ते पानावर येऊ नये. विषय मात्र येथील मुलांच्या ओळखीचे हवेत : राजवाड्यापुढची गर्दी, सराफ्यातली रात्रीची खाण्याची दुकाने, नर्मदेची सहल, पोहे. बडोद्याने आणि बेळगावने आपापल्या गावाच्या पुस्तिका कराव्यात. चित्रकार आपल्या सभासदांत आहेत आणि छपाईचा खर्च एका संमेलनाच्या मंडपापेक्षा कमी येईल. पहिल्या बारा पुस्तिकांचे अक्षरगट व त्यांतून होणाऱ्या शब्दांच्या याद्या मी तयार केल्या असून त्या कार्यकारिणीकडे पाठविल्या आहेत. पहिलीचा वर्ग घेणाऱ्या शिक्षिकांनी त्या तपासून, मुलांच्या बोलण्यात नसलेले शब्द निःसंकोचपणे खोडावेत.